दारावरची बैठक

आळे गावात बनाबाईची ओळख दोन गोष्टींवरून होती. एक तिची सुकट आणि दुसरं तिचं बसणं.

सुकट, बोंबील, वाकट, जवळा असा खारा माल घेऊन ती आठवडे बाजार करायची. आज राजुरी, उद्या बेल्हे, परवा आणखी कुठं. एसटीत तिचं पोतं चढलं की बाया नाकाला पदर लावायच्या, आणि त्याच बाया बाजारात तिच्यापुढं उकिडव्या बसून मूठभर जवळा वर टाक म्हणून हुज्जत घालायच्या. बनाबाई मूठभर वर टाकायची. अंगानं थोराड, आवाज खणखणीत, चालणं असं की समोरचा आपोआप बाजूला व्हावा. नवरा सोपान गवंड्याच्या हाताखाली काम करायचा. तो इतका कमी बोलायचा की घरात पाहुणा आला तर त्याला वाटावं, मालक बाहेर गेलेत.

तिचे सुरुवातीचे दिवस वाईट गेले. माल दुसऱ्याचा, काटा दुसऱ्याचा, ऊन मात्र तिचं. व्यापारी सकाळी पोती द्यायचा, संध्याकाळी हिशेब करायचा आणि तो हिशेब चुकला तर नेमका त्याच्या बाजूनं चुकायचा. नड आली की बाजारात हिंडणारा एक जण रोकडा द्यायचा, पण देतानाच व्याज कापून घ्यायचा आणि वर बाईमाणसाच्या हाताला हात लावून पैसे मोजायचा. बनाबाईनं एकदा त्याच्या अंगावर खाऱ्या पाण्याची बादली ओतली होती. त्यानंतर त्यानं हात लावणं सोडलं आणि पैसे देणंही.

मग गावात बायांच्या गटांना कर्ज देणारी कंपनी आली. पुढचं सगळं ऐकल्यावर कंपनीच्या नावानं बोटं मोडणं सोपं जाईल, म्हणून आधीच सांगितलेलं बरं, की बनाबाईला माणसासारखं उभं केलं ते त्या कर्जानं. पहिल्या कर्जात तिनं स्वतःचा माल भरला. दुसऱ्यात काटा घेतला, डिजिटल, पिवळ्या आकड्यांचा. तिसऱ्यात घरावरचे पत्रे बदलले आणि थोरल्या पोरीच्या, प्रज्ञाच्या, नर्सिंगच्या फीला हातभार लागला. बँकेच्या दारात तिला कुणी उभं केलं नसतं. कंपनीचा माणूस तिच्या दारात येऊन 'ताई' म्हणायचा.

कंपनी तारण मागत नाही, असं तिच्या पत्रकावर छापलेलं असतं. ते खोटं नाही. जमीन नको, दागिना नको, सातबारा नको. कंपनी एका बाईसाठी दुसऱ्या बाईला तारण ठेवते. एकीनं हप्ता चुकवला की बाकीच्यांनी वर्गणी काढून भरायचा, नाहीतर कुणालाच पुढचं कर्ज नाही. दर गुरुवारी सकाळी समाजमंदिराच्या पडवीत बैठक भरायची. सगळ्या बाया उभ्या राहून प्रतिज्ञा म्हणायच्या, की आम्ही हप्ता वेळेवर भरू आणि एकमेकींच्या अडीअडचणीला धावून जाऊ. ही दोन वाक्यं एकाच दमात कशी म्हणता येतात, असा प्रश्न तिथं कुणाला पडत नसे. अशा गटाला कंपनी केंद्र म्हणायची, आणि बनाबाई त्याची केंद्रप्रमुख. विहारात वंदना म्हणावी तशा मनोभावे ती प्रतिज्ञा म्हणायची, आणि तिचा आवाज रस्त्यापलीकडं ऐकू यायचा.

वसुलीला येणारा रामनाथ पोरसवदा होता, बीडकडचा, अंगात कंपनीचा निळा शर्ट. पैसे पुरे झाल्याशिवाय त्याला उठता येत नसे. कमी पडले तर त्याच्या पगारातून जायचे की नाही कोण जाणे, पण त्याचा साहेब फोनवर त्याला ज्या भाषेत बोलायचा ती बायांनी ऐकली होती. त्यामुळं त्याच्यावर कुणाचा राग नव्हता. "ताई, तेवढं बघा," एवढंच तो बनाबाईला म्हणायचा, आणि बनाबाई बघायची.

बघायची म्हणजे काय करायची, तर जाऊन बसायची.

ही रीत तिनंच काढली होती. दुसऱ्या केंद्रांत हप्ता चुकला की बाया भांडायच्या, झिंज्या धरायच्या, घरातली पातेली उचलून आणायच्या. बनाबाईला तो तमाशा पटत नसे. तिनं बायांना सांगितलं होतं की तोंडातून वाकडा शब्द काढायचा नाही. चार जणींनी जायचं, दारात पोतं टाकायचं, निवडायला भाजी घ्यायची आणि बसून राहायचं. घरच्या बाईनं पाणी दिलं तर प्यायचं. पोराबाळांची चौकशी करायची. पैशाचं नावसुद्धा काढायचं नाही.

यात खोच अशी होती, की दारात चार बाया बसलेल्या असताना घरातल्या बाईला चूल पेटवता येत नाही. पेटवली तर 'चला जेवायला' म्हणावं लागतं, आणि चौघींना म्हणायचं तर चौघींपुरतं रांधावं लागतं. त्यांना बाहेर बसवून आपण आत भाकरी मोडायची, हे या मुलखात कुणाला जमत नाही. मग घरातली सगळी उपाशी राहायची. दुपार कलली की घरातलं म्हातारं माणूस कुरकुरायला लागायचं, पोरं रडायला लागायची, आणि नवऱ्याच्या खिशातून नाहीतर शेजारणीच्या डब्यातून पैसे निघायचेच. बनाबाई नव्या बायांना समजावून सांगायची, "तिच्या तोंडाकडं बघू नगा. चुलीकडं बघा. चूल पेटत न्हाई म्हंजी आता देती."

तिच्या केंद्रात हप्ता कधी थकला नाही, तो असा.

रत्नाला गटात घेतली तीही बनाबाईनंच. रत्ना धनगरांची, रस्त्याच्या पलीकडं राहायची. नवरा नवनाथ दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर. रत्नाचा आळेफाट्यावर भज्यांचा गाडा होता, कंपनीच्या पहिल्या कर्जातून घेतलेला. गाड्यावर पिवळ्या अक्षरांत पोरीचं नाव होतं, दिशा भजी सेंटर. बनाबाई बाजाराला जायला फाट्यावर उभी असायची तेव्हा रत्ना पहिल्या घाण्यातली चार भजी कागदात बांधून तिच्या पिशवीत कोंबायची. पैसे घ्यायची नाही. बदल्यात बनाबाईच्या डब्यातली सुकटीची चटणी तिथंच उभ्यानं भाकरीबरोबर खायची. गटात एकत्र सह्या करणाऱ्या काही बाया अजूनही बनाबाईच्या घरचं पाणी घेताना तहान नाही म्हणायच्या. रत्नाला असलं काही शिवलेलं नव्हतं. ती बोटं चाटून म्हणायची, "आक्का, तुमच्या हाताला लई चव हाय."

मग नवनाथला कावीळ झाली. आधी झाडपाला झाला, मग गळ्यात माळ बांधून झाली, मग दवाखाना. नारायणगावच्या डॉक्टरनं पुण्याला न्या म्हणून सांगितलं. रत्ना आठवडा आठवडा ससूनच्या व्हरांड्यात पडून राहायची, गाडा दारात झाकून ठेवलेला. हप्ते थकले. पहिला बायांनी वर्गणी काढून भरला, दुसराही भरला. तिसऱ्याला कुरबुर झाली, तेव्हा निम्म्याहून जास्त एकट्या बनाबाईनं घातले. हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल.

चौथ्या गुरुवारी रामनाथ सांगून गेला की रत्नाचं खातं सरळ झाल्याशिवाय केंद्रातली नवी कर्जं सुटणार नाहीत. पाच-सहा जणींचे कागद अडकले होते. कल्याणीला पोराच्या आयटीआयची फी भरायची होती, ती तर रडकुंडीला आली. म्हणाली, "तुमची ती लाडकी म्हणून तुमी गप बसला. माज्या दारात आला व्हता तवा बरं आला."

ते बनाबाईला झोंबलं. खरंच, कल्याणीच्या दारात ती बसली होती. रत्नाच्या दारात बसायचं नाही तर मग आजवर ज्यांच्या दारात बसलो त्यांना काय तोंड दाखवायचं? नियम म्हणजे नियम. ती घरी येऊन सोपानला हे सांगत होती तेव्हा तो खोरं धूत होता. त्यानं मान वर न करता एवढंच विचारलं, "नवनाथ आलाय का पुन्याहून?" आला होता. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो, बनाबाईलाही कळला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघी गेल्या. पोतं टाकलं, मेथीच्या जुड्या सोडल्या. रत्नानं पाणी आणून दिलं. आत खाटेवर नवनाथ होता, हळदीत लोळवून काढल्यासारखा पिवळा. बनाबाईनं त्याची चौकशी केली, दिशाच्या शाळेची चौकशी केली. मेथी निवडून झाली, तिच्या काड्याही निवडून झाल्या. ऊन पायावरून सरकत भिंतीला गेलं. दिशा शाळेतून आली, दप्तर ठेवलं, चुलीकडं एकदा बघितलं, आईकडं बघितलं आणि बापाच्या खाटेशेजारी जाऊन गप बसली. रत्ना उंबऱ्याच्या आत पाय दुमडून बसली होती. कल्याणीनं चुळबूळ केली तेव्हा बनाबाई तिच्या कानाशी लागली. म्हणाली, "जरा दम धर. चूल पेटली न्हाई अजून."

दिवेलागणीला रत्ना उठली. बाहेर आली, गाड्यावरचा प्लास्टिकचा कागद ओढून काढला, त्याची नीट घडी घातली आणि म्हणाली, "गाडा न्या आक्का. कढई बी न्या." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बनाबाईला पुढं बरं गेलं असतं.

त्या वेळी मात्र तिला सुटल्यासारखं वाटलं. आणखी खरं सांगायचं तर जरा अभिमानही वाटला, की बघा, आवाज न चढवता काम झालं. फाट्यावरच्या रामदास टपरीवाल्यानं गाडा घेतला, पडेल भावात. रत्नाचं खातं सरळ झालं. कल्याणीच्या पोराची फी भरली गेली. सगळं प्रतिज्ञेबरहुकूम झालं.

नवनाथ महिन्याभरात गेला. बनाबाई मातीला गेली, तिसऱ्यालाही गेली. रत्नानं तिच्या गळ्यात पडून रडावं असं तिला वाटत होतं. रत्ना रडली, पण भिंतीकडं तोंड करून. मग एक दिवस तिचा भाऊ जानकू लोणीहून आला आणि बहिणीला आणि भाचीला घेऊन गेला. त्यानं मेंढरं कधीच विकून टाकली होती, आता संकरित गाया होत्या. तिथं हाताला काम होतं. रत्ना कुणाचा निरोप न घेता गेली.

त्याच दिवाळीत कंपनीनं मंगल कार्यालय भाड्यानं घेऊन मोठा कार्यक्रम केला. महिलांचं सक्षमीकरण या विषयावर तिथं एका माणसानं पाऊण तास भाषण केलं. बनाबाईच्या केंद्राला उत्कृष्ट केंद्र म्हणून प्रेशर कुकर मिळाला. व्यासपीठावर तिच्या हातात नारळ, शाल आणि कुकर देऊन फोटो काढला. कुकर चांगला होता, पाच लिटरचा. पहिल्या दिवशी तिनं त्यात भात लावला. सोपाननं ताट सरकवलं आणि म्हणाला, "मला भाकरीच दे." त्यानंतर रोज तो भाकरीच मागायचा. महिन्याभरानं तिनं कुकर फळीवर ठेवून दिला.

तिला खरा त्रास द्यायला लागला तो गाडा. बाजाराला जायला फाट्यावर उभं राहावंच लागायचं, आणि रामदासनं गाडा तिथंच लावलेला, अंडाभुर्जीला. त्यानं पिवळ्या अक्षरांवर लाल रंग मारला होता, पण एका पावसाळ्यात लाल रंग उडाला आणि खालून दिशाचं नाव पुन्हा वर आलं. एसटी वेळेवर आली तर ठीक, नाहीतर बनाबाई त्या गाड्याकडं पाठ करून उभी राहायची. रत्ना गाडा पुसायची ती उलट्या हातानं, मग सुलट्या हातानं, हे तिला पाठ झालेलं होतं. रामदास पुसायचाच नाही. तिच्या मनात यायचं, की आपण पैसे वसूल केले ते ठीक, पण बाईचं पोट उचलून आणलं. दुसरं काही मागता आलं नसतं का? थांबता आलं नसतं का? हे विचार ती कुणाजवळ बोलायची नाही, पण त्या वर्षी तिनं कुणाच्या दारात पोतं टाकलं नाही. बैठकीला सबबी सांगू लागली. हप्ते कमी पडले की स्वतःच्या पदरचे घालू लागली. बाया म्हणायला लागल्या, बनाबाई आता थकली.

बेल्ह्याच्या बाजारात लोणीची साळुबाई तिच्याकडून बोंबील न्यायची. तिच्याकडं ती रत्नाची चौकशी करायची. साळुबाई एका कानानं बहिरी आणि अर्ध्या गोष्टी आपल्या मनानं सांगणारी. म्हणायची, "बरं चाललंय की. गाया हायेत, डेअरीला दूध घालत्यात." बनाबाईला तेवढ्यानंही बरं वाटायचं.

दोन वर्षं अशी गेली. उन्हाळा संपता संपता रामदासनं काचेचा नवा स्टॉल घेतला आणि जुना गाडा भंगारात घालायला काढला. बनाबाईनं ते ऐकलं आणि त्या दिवशी तिनं बाजार केला नाही. पोतं घेऊन परत आली. तिचं जुनं कर्ज फिटलं होतं आणि नवं मंजूर झालेलं, आखाडाचा माल भरायला. खाऱ्या मालाचा खरा धंदा तेव्हाच. पावसाच्या तोंडावर लोक साठवण करतात, आखाडात तर घरोघर वास सुटतो, आणि एकदा श्रावण लागला की पुढं गणपती उठेपर्यंत कुणी पोत्याकडं बघत नाही. आखाड हुकला म्हणजे वर्ष हुकलं. बनाबाईला हे दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

तरी तिनं त्याच पैशातून गाडा घेतला. रामदासला वास लागला होता, की बाईला गाडा हवाच आहे. त्यानं भंगाराच्या दुप्पट-तिप्पट सांगितले आणि घेतले. मग नवी चाकं, नवा पत्रा, नवी कढई, नवा झारा, भरलेली टाकी आणि शेगडी. सोपाननं दोन दिवस कामाला दांडी मारून गाडा खरवडला. लाल रंग सगळा काढला, पिवळी अक्षरं ठेवली, आणि जिथं पुसट झाली होती तिथं पेंटरकडून पुन्हा काढून घेतली. प्रज्ञाला फोनवर काही सांगितलं नाही. रामनाथनं कर्जातून माल भरल्याचा फोटो मागितला, तेव्हा बनाबाईनं शिल्लक राहिलेली दोन पोती पुढं ठेवून, मागं भुशाची पोती रचून फोटो काढू दिला. त्याला दिसलं असावं. त्यानं फोटो काढला.

पिकअप भाड्यानं केली. गाडा चढवला, दोर बांधले, सोपान मागं गाडा धरून बसला आणि बनाबाई ड्रायव्हरशेजारी. बेल्ह्यावरून गाडी खाली लोणीच्या रस्त्याला लागली. वाटेत ती मनातल्या मनात बोलणं जुळवत होती. रत्नानं दार लावून घेतलं तर काय बोलायचं, शिव्या दिल्या तर ऐकून घ्यायच्या. गाडा घेणार नाही म्हणाली तर दारात पोतं टाकून बसायचं, घेईपर्यंत. ते तर आपल्याला येतं. या विचारानं तिला जरा धीरही आला. लोणीत धंदा चालेल का, हाही विचार झाला. चौकात शाळा आहे, डेअरीवर दोन वेळा माणसं येतात, चालेल. पुन्हा उभी राहील पोरगी.

जानकूचं घर गावाबाहेर, मळ्यात. पुढं गोठा, गोठ्याशेजारी कडबा बारीक कापायचं कुट्टीचं मशीन, त्याच्यावर गोणपाट टाकलेलं. जानकू दूध घालायला गेला होता. गाडीचा आवाज ऐकून दिशा बाहेर आली, आता चांगली उंच झालेली, आणि गाड्यावरचं स्वतःचं नाव बघून तिथंच थांबली. तिच्या मागून रत्ना आली. डोक्यावरून पदर, उजवा हात पदराखाली. वाळली होती. बनाबाईला बघून तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते बनाबाईला नीट दिसलं नाही, कारण तिची स्वतःचीच नजर खाली होती.

सोपाननं आणि ड्रायव्हरनं गाडा उतरवला, अंगणात उभा केला. बनाबाईचं जुळवलेलं बोलणं सगळं पळून गेलं. ती कढईवर हात ठेवून म्हणाली, "रत्ना, तुजा गाडा आणलाय. कढई नवी हाय. आता कुनाचं काय देनं न्हाई ह्याच्यावर."

रत्ना गाड्याजवळ आली. डाव्या हातानं तिनं पत्र्यावरून हात फिरवला, उलटा, मग सुलटा. पदर सरकला. उजवा हात मनगटाच्या वर संपत होता, टोक गुळगुळीत, लालसर. "कुट्टीत गेला," ती म्हणाली, जणू काही कुणी विचारलं होतं. "पहिल्याच पावसाळ्यात. सवय नव्हती ना मशीनची."

बनाबाई मटकन खाली बसली. ठरवून नाही. बसली ती नेमकी दाराच्या समोर, जिथं पोतं टाकायचं असतं तिथं. सोपान गाड्याचा दोर गुंडाळत राहिला, गुंडाळून झालेला दोर सोडून पुन्हा गुंडाळत राहिला. ही बाई आता कांदा कशी कापणार, झारा कशानं धरणार, पीठ कशानं कालवणार? गाडा परत आणता येतो हे खरं, पण आपण त्या दिवशी गाड्याबरोबर काय काय उचलून आणलं होतं ते बनाबाईला आज कळत होतं, आणि ते कुठल्याच कर्जातून परत आणता येण्यासारखं नव्हतं. तिला मोठ्यानं रडावंसं वाटलं. रडायचा आपल्याला हक्क नाही असंही वाटलं, म्हणून ती नुसती बसून राहिली.

रत्ना आत गेली. आतून धूर आला. चूल पेटली होती. बनाबाईनं ते बघितलं आणि तिचं मन आणखीच चरकलं. इतकी वर्षं लोकांच्या चुली बघितल्या, दारात बसलेलं असताना पेटलेली ही पहिलीच. आपल्याला बाहेर ठेवून आता ही आत जेवणार, आणि ते बरोबरच आहे, असं ती मनाशी म्हणाली. दिशानं परातीत पीठ घेतलं, मळलं. रत्ना डाव्या हातानं भाकरी थापत होती. एका हाताची भाकरी गोल होत नाही. एकीकडं जाड, एकीकडं पातळ, ती तशीच तव्यावर पडत होती. फिरवायला दिशा होती.

मग रत्ना ताट घेऊन बाहेर आली, डाव्या हातावर तोलत, आणि ते बनाबाईच्या पुढं ठेवलं. भाकरी, पिठलं, कांदा. सोपानला आणि ड्रायव्हरला दिशानं वाढलं.

बनाबाईनं मान हलवली. भूक नाही म्हणाली.

"जेवा आक्का," रत्ना म्हणाली आणि समोर टेकली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "त्या दिशी तुमी दिसभर दारात बसला. सकाळधरनं उपाशी. मी तुमाला जेवा म्हनले न्हाई. लई दिस मनात राह्यलं माज्या. आक्काच्या हातचं येवढं खाल्लं आन् आक्का दारात आल्यावर म्हनता बी आलं न्हाई."

बनाबाईला वाटलं ही टोचून बोलतेय. तिनं वर बघितलं. रत्ना टोचून बोलत नव्हती.

"घरात पीठच नव्हतं, आक्का," रत्ना म्हणाली. "आदल्या दिसापास्नं नव्हतं."

बनाबाईला दिशा आठवली, दप्तर ठेवून चुलीकडं बघणारी. कल्याणीच्या कानात आपण काय सांगितलं तेही आठवलं, शब्दन् शब्द. तिनं भाकरीचा जाडा भाग मोडला आणि तोंडात घातला. पिठलं संपायच्या आत दिशानं आणखी वाढलं. रत्ना समोर बसून अजून घ्या, लाजू नका म्हणत राहिली, आणि बनाबाईची नको म्हणायची हिंमत झाली नाही.